ठिपक्याचा जन्मदाखला : कमांड-कंट्रोल प्रणालीतला डेटा तपासायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

वास्कोला आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याला स्क्रीनसमोर बसवत नाही. जेवण झालं की सड्यावर घेऊन जातो. तिथून मुरगावच्या बाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. मोबाइलवर जहाजं दाखवणारं एखादं फुकटचं ॲप उघडायला सांगतो आणि म्हणतो, आता मोज. नजरेला किती, आणि हातातल्या स्क्रीनवर किती?

(फोटो काढायचे नाहीत. आजूबाजूला नौदलाचा परिसर आहे, पहिल्याच दिवशी चौकशी कशाला मागे लावून घ्यायची?)

गेल्या वर्षी आलेली मुलगी फोंड्याची. समुद्राशी संबंध मासळी खाण्यापुरता. तिनं मोजलं : नजरेला नऊ, ॲपवर सहा. नवातल्या तीन लहान होड्या होत्या. त्यांच्यावर एआयएस, म्हणजे जहाजाचं नाव-ठिकाण रेडिओवरून आपोआप कळवत राहणारं यंत्र, नसतंच. ही यंत्रणा आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना सक्तीची आहे, आणि आपल्याकडे मासेमारीच्या बोटींना २० मीटर लांबीच्या वर. एक बार्ज समोर ढळढळीत दिसत होती, ॲपवर तिचा पत्ता नाही. उलट ॲपवरचं एक जहाज समुद्रात कुठेच नव्हतं. टिचकी मारली तर ‘शेवटची नोंद ४७ मिनिटांपूर्वी’. आणि एकाच्या नावापुढे ‘इंजिनावर मार्गस्थ’ असं लिहिलेलं, पण त्याची नांगराची साखळी आम्हाला सड्यावरून दिसत होती. ही स्थिती जहाजावरच्या अधिकाऱ्याने हाताने बदलायची असते. तो विसरला.

“सर, म्हणजे ॲप चुकीचं आहे?”

चुकीचं नाही. त्यानं जे ऐकलं ते दाखवलं. कोणाकडून ऐकलं आणि कधी, हे मात्र ठिपक्यावर लिहिलेलं नव्हतं, आपण टिचकी मारली तेव्हा कळलं. कमांड-कंट्रोल प्रणालीत, म्हणजे सेन्सरांकडून आलेली माहिती एकत्र दाखवून लष्करी निर्णयाला मदत करणाऱ्या यंत्रणेत, डेटाचा दर्जा तपासणं म्हणजे दिवसभर ही टिचकी मारत बसणं. ऑप्स रूममध्ये, जिथून कारवाई चालवतात तिथे, समोर ठिपका असतो, मागे निर्णय घेणारा अधिकारी असतो आणि टिचकी मारायला वेळ नसतो. म्हणून ती आपण आधी मारून ठेवायची.

खाली लिहिलंय ते सगळं उघड माहितीवर आधारलेलं आहे. सरावही उघड डेटावरच करा. अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचा एआयएस डेटा ‘मरीन कडॅस्टर’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. कामावरची फाइल पेनड्राइव्हवर घरी नेऊन ‘सराव’ करू नका, हे वेगळं सांगायला नको.

पहिली पायरी : चित्र कुठून येतं ते कागदावर काढा

रडारचा एक स्पर्श म्हणजे प्लॉट. असे अनेक प्लॉट जोडून बनतो तो ट्रॅक. ट्रॅकला नंबर मिळतो. मग दुसऱ्या रडारचा ट्रॅक, एआयएसची नोंद, विमानानं कळवलेली माहिती हे सगळं ‘एकच जहाज आहे’ असं ठरवून एकत्र केलं जातं. त्याला फ्यूजन म्हणतात. त्यातून समुद्राचं जे एकत्रित चित्र उभं राहतं ते पिक्चर.

आपल्याकडे २६/११ला हल्लेखोर ‘कुबेर’ नावाचा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईच्या दिशेनं आले. हजारो मासेमारी बोटींतली ती एक, वेगळी दिसणार कशी? त्यानंतर किनारी सुरक्षेची जी फेररचना झाली तिच्यातून नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ केंद्रं एका जाळ्यात जोडली गेली. त्यांचं पिक्चर गुरुग्रामच्या ‘आयमॅक’ या नौदलाच्या माहिती-विश्लेषण केंद्रात एकत्र येतं. नोव्हेंबर २०१४मध्ये त्याचं उद्घाटन मनोहर पर्रीकरांनी केलं, संरक्षणमंत्री होऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते.

तुमची प्रणाली कितीही लहान असो, कागदावर बाण काढा : कोणता सेन्सर, कोणती तार, कोणतं सॉफ्टवेअर, कुठे साठवण, कोण बघतो. जिथे जिथे बाण एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातो तिथे डेटा बिघडू शकतो. आत्तापर्यंत मला सापडलेले बहुतेक दोष या सांध्यांवरच होते.

दुसरी पायरी : आधी वेळ

नवीन माणूस आधी ठिकाण तपासतो. उलट करा. वेळ चुकली तर बिनचूक ठिकाणही खोटं ठरतं.

ते ४७ मिनिटांपूर्वीचं जहाज घ्या. १२ नॉट वेगानं ते एवढ्या वेळात ९.४ सागरी मैल, म्हणजे सतरा किलोमीटरच्या पुढे जातं. मुरगावहून उत्तरेला निघालं असेल तर ते बागाच्या समोर पोचलेलं असेल, आणि तुमचा ठिपका अजून मुरगावलाच. म्हणून प्रत्येक नोंदीचं वय काढा : आत्ताची वेळ वजा मोजणीची वेळ. मोजणीची वेळ, म्हणजे ज्या क्षणी सेन्सरनं पाहिलं ती. पुष्कळ प्रणाल्या सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळ तेवढी ठेवतात, आणि मग तासभर तुंबलेली माहिती ताजी मासळी म्हणून खपते. दोन्ही वेळा हव्यात.

जागतिक प्रमाणवेळ आणि आपली वेळ यांत साडेपाच तासांचा फरक. पूर्ण साडेपाच तास चुकले तर लगेच डोळ्यात भरतं. पण एखादं सॉफ्टवेअर फक्त पूर्ण तास समजतं आणि अर्धा तास गिळतं, तेव्हा कोणाला कळत नाही. आणखी एक जुनं दुखणं : रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या नोंदी आदल्या तारखेच्या फाइलमध्ये जाऊन बसतात, कारण जागतिक वेळेनुसार अजून काल असतो. पहाटेच्या हालचाली ‘गायब’ झाल्याची तक्रार आली की मी आधी तिथे बघतो.

घड्याळ स्वतःच सरकतं तेव्हा काय होतं, याचं उदाहरण प्रत्येकाला पाठ हवं. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरबस्तानातलं धहरान. अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही. २४ बिटांत बसवताना शेपूट तुटतं. चूक अगदी सूक्ष्म, पण यंत्रणा १०० तास सलग चालू होती. तेवढ्यात फरक झाला ०.३४ सेकंद. इराककडून येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. रडारनं भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून लक्ष्य सोडून दिलं. २८ अमेरिकी सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. ‘फार वेळ सलग चालवली तर फरक पडू शकतो’ अशी सूचना वापरणाऱ्यांना आधीच गेली होती. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हतं. तुम्ही मर्यादा लिहाल तेव्हा आकडा लिहा.

तिसरी पायरी : ठिकाण

अक्षांश १५ अंश २४.३० मिनिटं. हे कोणी १५ अंश २४ मिनिटं ३० सेकंद असं वाचलं तर? ०.३० मिनिट म्हणजे १८ सेकंद. फरक १२ सेकंदांचा, जमिनीवर सुमारे ३७० मीटर. दोन्ही ठिकाणं वैध, दोन्ही समुद्रात, कुठलंही सॉफ्टवेअर ओरडणार नाही. म्हणून रकान्याच्या नावातच पद्धत लिहायची.

‘ठिपका पाण्यात आहे का’ ही चाचणी सगळे लावतात आणि खूश होतात. आपल्याकडचे अक्षांश-रेखांश उलटे टाकून बघा : ७३ उत्तर, १५ पूर्व. नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. चाचणी पास! त्यापेक्षा ‘मागच्या ठिकाणापासून इथपर्यंत या वेळात पोचता येईल का’ ही चाचणी लावा.

एआयएसमध्ये ‘माहीत नाही’ सांगायचे ठरलेले आकडे आहेत : अक्षांश ९१, रेखांश १८१, जहाजाच्या तोंडाची दिशा ५११, वेग १०२.३. ते काढले नाहीत तर सरासरीत १०२ नॉटनं धावणारी बार्ज मिसळते. आणि ज्यांनी ते शून्य करून टाकले त्यांची सगळी जहाजं आफ्रिकेच्या पश्चिमेला, शून्य-शून्य बिंदूवर, गर्दी करून उभी असतात. नकाशाला पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती प्रारूप आधाराला लागतं : जुन्या भारतीय नकाशांचं एव्हरेस्ट, जीपीएसचं डब्ल्यूजीएस-८४. दोन्ही न जुळवता एकावर एक ठेवले तर शेकडो फुटांची तफावत पडते.

५ डिसेंबर २००१ला अफगाणिस्तानात बॉम्बसाठी लक्ष्याचं ठिकाण कळवणाऱ्या अमेरिकी पथकाच्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली गेली. बॅटरी बदलल्यावर ते यंत्र लक्ष्याचं नव्हे, स्वतःचंच ठिकाण दाखवायला लागायचं. तेच पुढे कळवलं गेलं, आणि बॉम्ब त्यांच्याच माणसांवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अफगाण साथीदार गेले. आकडा अचूक होता, भलत्या गोष्टीचा होता. रिकामी जागा भरायला स्वतःहून एखादी किंमत घालणारं सॉफ्टवेअर दिसलं की मला हाच प्रसंग आठवतो. रिकामं असेल तर रिकामंच दाखवा.

चौथी पायरी : ओळख. इथे घाई नको

गोव्यात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं जातं. मुरगाव, मोर्मुगाव, मार्मागोवा. पणजी, पोणजे, पांजी. एकच गाव तीन नावांनी, आणि रोमन लिपीत आणखी चार तऱ्हांनी. बोटींचं उलट : एकाच नावाच्या दहा बोटी, सगळ्या कुठल्या ना कुठल्या देवाच्या नाहीतर सांताच्या नावानं. नावावरून जुळवणी करू नका. मासेमारी बोटीला ‘आयएनडी-जीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक, आणि एआयएसमध्ये नऊ आकडी एमएमएसआय, भारतीय जहाजांचा ४१९ने सुरू होणारा.

आयएमओ क्रमांकाचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो. ९०७४७२९ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा : ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. शेवटी ९, आणि क्रमांकाच्या शेवटीही ९. बरोबर. आता कोणी ७च्या जागी ९ टाकला, म्हणजे ९०९४७२९. बेरीज १४९. शेवटी पुन्हा ९! चुकीचा क्रमांक तपासणीतून सुटला. तपासणी आकडा बहुतेक चुका पकडतो, सगळ्या नाही. एमएमएसआयला तर तपासणी आकडाच नाही.

माझी एक चूक सांगतो. एका सराव-संचात एकाच एमएमएसआयच्या दुहेरी नोंदी मी ‘साफ’ केल्या, नंतरची ठेवली, आधीची काढली. फाइल छान सडसडीत झाली. आमच्याकडे नौदलातून निवृत्त झालेले एक मास्टर चीफ होते. त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, “ही बोट दर दोन मिनिटांनी बेतूलहून शापोऱ्याला उडी मारते का रे?” दोन वेगळ्या बोटींनी एकच क्रमांक भरला होता. मी त्यातली एक कधी ही, कधी ती, समुद्रातून पुसून टाकत होतो. तेव्हापासून मी काही पुसत नाही. शंकेची खूण करतो, मूळ नोंद जशीच्या तशी ठेवतो.

ट्रॅक नंबरच्या गोंधळाची किंमत बघायची तर ३ जुलै १९८८. इराणचं बंदर अब्बास विमानतळ आपल्या दाबोळीसारखं, नागरी आणि लष्करी एकत्र. तिथून दुबईला निघालेलं इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं एअरबस अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेनं पाडलं. २९० माणसं गेली. विमान २७ मिनिटं उशिरा सुटलं होतं, त्यामुळे वेळापत्रकाशी जुळवताना घोटाळा. विमान नागरी सांकेतिक उत्तर देत होतं, पण ओळख विचारणाऱ्या यंत्राची खिडकी, म्हणजे ते ज्या भागातली उत्तरं ऐकतं ती चौकट, विमानाबरोबर पुढे सरकवलेली नव्हती, धावपट्टीवरच रोखलेली राहिली. तिथल्या एखाद्या लढाऊ विमानाचं उत्तर या ठिपक्याच्या नावावर चढलं, असं मानलं जातं. आणि नंबर : व्हिन्सेन्सनं दिला होता ४४७४. दुसऱ्या जहाजाच्या नोंदीशी जुळवणी होऊन तो ४१३१ झाला, आणि ४४७४ दूरच्या दुसऱ्याच विमानाला मिळाला, जे खाली उतरत होतं. नंतरच्या विश्लेषणांनी इथे बोट ठेवलं : कप्तान ४४७४ची स्थिती विचारतोय, उत्तर ‘खाली येतंय, वेग वाढतोय’. प्रणालीच्या स्वतःच्या नोंदीत मात्र एअरबस सतत वर चढत होतं.

म्हणजे यंत्राकडे खरी माहिती होती. ती माणसापर्यंत नीट पोचली नाही. यावरून नियम घ्या : वापरलेला नंबर लगेच दुसऱ्याला देऊ नका, नंबर बदलला तर जुना नंबर काही वेळ शेजारी दाखवत राहा, आणि उंची दाखवताना ती वाढतेय की घटतेय हे बाणानं दाखवा. घामाघूम माणसाला दोन आकड्यांची वजाबाकी करायला लावू नका.

पाचवी पायरी : याद्या, नकाशे आणि खोटा डेटा

संदर्भ-याद्या सहसा शिळ्या असतात, कारण त्या कोणाच्याच रोजच्या कामात नसतात. ७ मे १९९९ला बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर बॉम्ब पडले, तीन जण मेले. दूतावास काही वर्षांपूर्वीच नव्या जागी गेला होता, डेटाबेसमध्ये जुनीच जागा. खरं लक्ष्य होतं त्या कचेरीचा पत्ता समांतर रस्त्यावरच्या घर-क्रमांकांवरून अंदाजानं काढला होता. आपल्या वाड्यावर घर-क्रमांकावरून घर शोधलेल्या कुठल्याही कुरियरवाल्याला विचारा, अशा अंदाजावर तो काय म्हणेल! यादीतल्या प्रत्येक ओळीला ‘शेवटी कोणी, केव्हा पडताळलं’ हे दोन रकाने द्या.

चाचणीचा डेटा आणि खरा डेटा एका घरात ठेवू नका. ९ नोव्हेंबर १९७९ला अमेरिकेच्या नोराड या हवाई संरक्षण केंद्रात सराव-हल्ल्याची माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रं येताहेत असं दिसलं. पुढच्या जूनमध्ये ४६ सेंटची एक चिप बिघडली, क्षेपणास्त्रांच्या संख्येत शून्यांच्या जागी दोन उमटू लागले. दोन्ही वेळा वाचलो ते माणसांनी दुसऱ्या सेन्सरला विचारून घेतलं म्हणून.

आणि कोणी मुद्दाम खोटं बोलत असेल तर? जून २०२१मध्ये ब्रिटनची ‘डिफेंडर’ आणि नेदरलँड्सची ‘एव्हर्टसेन’ या युद्धनौका रात्री ओडेसा बंदरात बांधलेल्या होत्या, वेबकॅमवर दिसत होत्या. एआयएसवर त्याच वेळी त्या सेवास्तोपोलकडे, म्हणजे रशियाच्या नौदल तळाकडे, निघालेल्या. सगळे रकाने भरलेले, वेळ ताजी, वेग शक्य, माझ्या वरच्या सगळ्या चाचण्या पास. म्हणून माहिती आणणाऱ्याचा भरवसा आणि माहितीची विश्वसनीयता वेगवेगळी लिहायची जुनी लष्करी पद्धत आहे : स्रोताला ए ते एफ, माहितीला १ ते ६. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो. लबाडाची गोष्टही दुसरीकडून खरी ठरू शकते. दोन्हींची मिळून एकच टक्केवारी करू नका, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

सहावी पायरी : शून्याची चौकशी

दोष लिहिताना पाच ओळी पुरतात : काय दिसलं, कुठल्या नोंदीत, खरं काय असायला हवं आणि ते कशावरून, किती नोंदींना लागण, आणि याच्यावर विसंबून कोण काय निर्णय घेईल. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि मग टेबलाच्या रकान्यातली शुद्धलेखनाची चूक आणि गायब ट्रॅक एकाच रांगेत पडून राहतात.

फोंड्याच्या मुलीचा पहिला अहवाल असाच पाच ओळींचा होता. आमच्या सराव-संचात पावसाळ्याची फाइल आहे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, म्हणून मालीमला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात आणि स्क्रीन ओसाड दिसते. जुलैतले सहा दिवस तर फाइलमध्ये एकही ट्रॅक नाही. दर वर्षीची नवी मुलं ते बघतात, ‘बंदी आहे ना’ म्हणतात आणि पुढे जातात. तिनं लिहिलं :

“बंदी ट्रॉलरना आहे, व्यापारी जहाजांना नाही. या सहा दिवसांत मुरगावला एकही जहाज आलं-गेलं नाही, असं फाइल म्हणते. समुद्र रिकामा होता की फीड बंद होतं, ते रडारचा लॉग मिळाल्याशिवाय सांगता येणार नाही. तोपर्यंत हे दिवस ‘शून्य’ न धरता ‘माहिती नाही’ धरावेत.”

लॉग मागवला. फीड बंद होतं.